राखेवरची पावलं

थोरल्या जाऊबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्या बंद दाराच्या फटीला नाक लावून उभ्या होत्या. लग्न होऊन मी इंझोरीच्या देशमुखांच्या घरात आले त्याला तीनच दिवस झाले होते. मला वाटलं, बाहेर कोण आलंय ते पाहत असतील. पण डोळे तर मिटलेले. विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "वारा पिऊन राह्यले व धाकले. तुलेबी शिकवीन."

त्यांचं नाव रुखमाबाई. उंच, रुंद हाडाच्या, माहेरी शेतात वाढलेल्या. आमच्या घरी सुनांना गोषा होता. दोघींची खोली मधल्या घरात: दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, खिडकी एकही नाही, दार एकच, आणि ओसरीवर पुरुष बसले की तेही बंद. पाणी गडी भरायचा. देवदर्शन वर्षातून दोनदा, तेही दमणीतून, पडदा लावलेल्या बैलगाडीतून. भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, आणि आमचे हे कापसाच्या गाड्या घेऊन वाशीमला जायचे ते आठ-आठ दिवस परतत नसत.

जाऊबाईंना झटके यायचे. आधी श्वास अडके, मग दातखीळ बसे, मग हातपाय ताठ. सासूबाईंच्या मते ही बाहेरची बाधा. दार लावून मिरच्यांची धुरी देत. धुरानं मीही गुदमरून जाई. शुद्धीवर आल्या की जाऊबाई घसा खाकरत म्हणायच्या, "कायची बाधा? बाधा असती त मी तिच्यासंगं दोन गोष्टी नसत्या का केल्या? येथी बोलाले हाये कोन?"

मला काहीही लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. माहेरी चार इयत्ता शिकले होते. झटका आला की पंचांगात त्या तिथीपुढे मी फुली मारू लागले. महिन्याला सात, कधी आठ.

दुसऱ्या वर्षी पौषात गावात उंदीर पडू लागले. मागच्या आळीत दोघं गाठीच्या तापानं गेले आणि दोन दिवसांत गाव बाहेर निघालं. शेतात तुराट्यांचे कुड उभारून झोपड्या केल्या. कुड आरपार दिसणारे. मामंजी म्हणाले, गोणपाट लावा. पण सगळी पोती धान्यानं भरलेली. गोणपाटं नव्हती म्हणून आमचा गोषा सुटला, दुसरं काही कारण नाही.

सगळी माणसं धास्तावलेली. सकाळी उठलं की जो तो आधी काखेत आणि जांघेत हात घालून गाठ चाचपायचा, मग तोंड धुवायचा. कोणी साधं शिंकलं तरी शेजारची झोपडी गप्प होई. आणि त्या सगळ्यात जाऊबाई विहिरीवरून दोन-दोन घागरी आणत, हरभऱ्याची भाजी खुडत, दोन भाकरी खाऊन तिसरी मागत. "गाठ येईन तवा येईन," म्हणायच्या. "आज मले भूक लागून राह्यली." दीड महिन्यात पंचांगात एकही फुली पडली नाही.

फाल्गुनात साथ ओसरली. घरी परतायची आमच्याकडे एक रीत होती. घर झाडून, गोवऱ्यांचा धूर करून जमिनीवर चाळलेली राख पसरायची आणि कुलूप लावायचं. तीन दिवसांनी राखेवर उंदरांची पावलं दिसली तर समजायचं, जिवंत उंदीर परत आले, घर राहण्याजोगं झालं. राख कोरी असली तर थांबायचं. हे काम थोरल्या सुनेचं.

जाऊबाई पाहून आल्या. "एकबी पाऊल नाही." तीन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. एकेक कुटुंब बैलगाडी भरून गावात गेलं. शेवटी त्या रानात आमची एकच झोपडी उरली. दिवसासुद्धा लांडग्याची भीती वाटे.

चौथ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. मधल्या घरात राखेवर पावलंच पावलं होती, गोधडीवर टाके घातल्यासारखी. जाऊबाई खाली बसल्या आणि तळहातानं ती पुसू लागल्या. मी पाहते आहे हे त्यांना माहीत होतं. मान वर न करता म्हणाल्या, "मले या खोलीत मरन दिसते, धाकले. कोनाले सांगू नोको."

मी सांगितलं नाही. पण सासूबाईंनी आपला हिशेब मांडला होता. गावातल्या सगळ्या घरांत उंदीर परतले, आपल्याच घरात का नाही? "जिच्या अंगात बाधा, तिच्या घरात उंदीरबी पाय ठेवत नाही," त्या म्हणाल्या. भगताला निरोप गेला. अमावास्येला तो येणार, विळा लाल करून जाऊबाईंच्या पाठीवर डाग देणार. मध्ये चार दिवस होते.

त्या दिवशी जाऊबाईंनी भाकरी मोडली नाही. सांगावं तर त्या पुन्हा त्या खोलीत. न सांगावं तर तापलेला विळा. दोन दिवस मी दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या. विळा अमावास्येला येणार होता, खोलीला अजून वेळ होता, म्हणून आधी विळा थांबवायचं ठरवलं.

मामंजींशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. कुडाच्या या बाजूला उभी राहिले आणि तुराट्यांच्या फटीतून पंचांग बाहेर सरकवलं. सांगितलं की पावलं होती, जाऊबाईंनी पुसली. का पुसली ते या फुल्यांत आहे. घरात होतो तेव्हा एवढ्या, शेतात एकही नाही. मधल्या घराला झरोका पाडा, भगत लागणार नाही.

त्यांनी पानं उलटली. पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग म्हणाले, "खरं दिसते पोरी." माझ्या अंगातली भीती उतरू लागली तोच ते पुढे म्हणाले, "भगत येनार नाही. पन देशमुखाच्या घराले झरोका पाडला त लोक म्हनतीन, सुना बाहेर पाहून राह्यल्या. ते माझ्याच्यानं होत नाही."

दोन दिवसांनी आम्ही घरी परतलो. मी सांगितल्याचं जाऊबाईंना कळलं होतं. मला वाटलं, आता त्या माझं तोंड पाहणार नाहीत. पण उतरवलेल्या गाठोड्यावर बसून त्यांनी माझा हात धरला. "तू बरोबर केलं व. डाग दिला असता त लोकाइले दिसला असता. हे कोनाले दिसत नाही."

पहिल्या आठवड्यात तीन फुल्या पडल्या. चैत्रात मी मोजणं सोडलं, कारण एक झटका कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो ते कळेना. खाणं तुटलं. वैद्यानं पडद्याआडून नाडी पाहिली आणि रोग नाही म्हणून सांगितलं. श्रावणात एका दुपारी, ओसरीवर पाहुणे बसलेले आणि दार लावलेलं असताना, माझ्या मांडीवर त्यांचा श्वास अडकला. तो परत आला नाही.

तिसऱ्या प्रहरी पाटलाचा माणूस मृत्यूची नोंद करायला आला. ओसरीवर बसून त्यानं विचारलं, कशानं गेल्या? मामंजी म्हणाले, तापानं. त्यानं तसं लिहिलं.

ताप नव्हता. कपाळाला, पोटाला, तळपायांना हात लावून मी स्वतः पाहिलं होतं. मी दाराच्या आत, चार हातांवर उभी होते. बाहेर पुरुष बसलेले होते. मी दार उघडलं नाही.