उष्ट्याचा रंग

"पिपेटला तोंड लावलंस ना? उष्टावलंस सगळं!"

सर ओरडले. आवाज असा, की केजच्या स्टँडवरच्या बसगाड्या ड्रायव्हरविना सुटल्या असत्या. समोर एम.एस्सी.ची पोरंपोरी, हातात वह्या. कोपऱ्यात सलीमभाई, रंग मोजायचं यंत्र, कलरीमीटर, दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. मधे मी, ओल्या हातांचा. आणि टेबलावर ती नळी. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी होतं. रसायन घातल्यावर ती बिनरंगी राहायला पाहिजे होती. झाली होती गुलाबी.

मी त्या कॉलेजच्या लॅबमध्ये रोजंदारीवर. सरांचं संशोधन नायट्रिक ऑक्साइडवर. माणसाच्या रक्तात हा वायू किती बनतो, ते मोजायचं. वायू मोठा बेरकी. दोन-चार सेकंदांत पसार. मग मागं राहिलेल्या खुणा धरायच्या, नायट्राइट आणि नायट्रेट. नायट्रेटला कॅडमियमच्या दाण्यांतून गाळून नायट्राइट करायचं, त्यात रसायन घालायचं. जितकं नायट्राइट, तितका गडद गुलाबी रंग. दाणे धुवायचे मी, रसायन कालवायचं मी, रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं पाणी वेगळं काढायचं मी. मोजायचे मात्र सर.

पिपेट म्हणजे पाणी-रसायन मापून उचलायची काचेची नळी; ती तोंडानं ओढायचा काळ तो. घराघरात टीव्हीवर चाळीस चॅनल आले, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे डबे आले, पण आमच्या पिपेटला तोंडाऐवजी ओढायचा रबरी फुगा काही येईना. आणि पिपेटचं वरचं टोक माझ्या हाताला बंद. धुताना ते फडक्यात गुंडाळून धरायचं. कावून? ते सरांच्या तोंडात जायचं, आणि मी दिंद्रुडच्या गावकुसाबाहेरचा. नऊ वर्षांत इतक्या पिपेटा धुतल्या, की एकाला एक जोडल्या असत्या तर तलवाड्यापर्यंत नळयोजना झाली असती. एकीच्याही टोकाला माझं बोट लागलं नाही.

"सर, मी न्हाई लावलं."

"मग काय मी लावलं?"

पोरं हसली. सरही हसले. तोंड लावणारे लॅबमध्ये तेच एकटे, पण हसू मलाच.

त्यांनी दोन कागद पुढं सरकवले. एक मला कायम करण्याच्या शिफारशीचा, सहीविना. दुसरा कोरा.

"लिही. माझ्या उष्ट्यामुळे नमुने बाटले. खाली सही कर. मग मी इकडे करतो."

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात एकावर एक, पोटाशी धरलेले. मान वाकलेली. माझा बाप पाटलाच्या ओट्यापुढं असाच उभा राहायचा. मी पँट घातली, दहावी झालो, कॅडमियम शिकलो. हात मात्र बापाचेच.

ते बघितलं आणि मी हात सोडवले.

एक गोष्ट मला ठाऊक होती. एकदा बेसिनमध्ये उरलेलं रसायन पडलं होतं, त्यात मी थुंकलो. थुंकी गुलाबी झाली. वाटलं, टीबी झाला. आठ दिवस मरणाची तयारी केली, बायकोला जमिनीचं सांगून ठेवलं. जमीन नव्हतीच. मग कळलं, माणसाच्या थुंकीतच नायट्राइट असतं. सगळ्यांच्या. पिपेट तोंडानं ओढणाऱ्याच्याही.

मी तीन नळ्या घेतल्या. एकीत मी थुंकलो. दुसरी सलीमभाईपुढं धरली. त्यानं माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि थुंकला. तिसरीत शुद्ध पाणी घेतलं आणि सरांनी आत्ताच वापरलेल्या पिपेटचं वरचं टोक मी त्यात खळबळलं. उघड्या बोटांनी धरून. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिन्हींत रसायन घातलं. नळ्या भराभर खालीवर केल्या, माझ्याच ध्यानात राहू नये अशा.

पाच-दहा मिनिटं गेली. तिन्ही नळ्या रंगल्या. एक जरा फिकी, दोन गडद, पण रंग एकच.

"सर, ह्यातली माझी कोणती?"

सरांनी एकेक नळी उजेडात धरून बघितली. डॉक्टरेट झालेला माणूस. सांगता येईना.

सलीमभाई हळूच बोलला, "साब, रंग तो सबका एक्कच आया."

मला वाटलं, आता आभाळ फाटेल. काही फाटलं नाही. सरांनी तिन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या, नळ सोडला. पाणी गुलाबी झालं, मग पाण्यासारखं पाणी. पोरांनी वहीत काहीच लिहिलं नाही. रोज ज्यांच्या नळ्या धुतल्या, त्यातलं एकही डोकं वर झालं नाही.

"नाटक झालं? आता लिही."

पेन माझ्या हातात होतं. शिफारशीचा कागद समोर होता. घरी बायको रोज विचारायची, "झाली का सही?" सगळं खरं. पण ती ओळ माझ्या हातानं उतरेना. पेन टेबलावर ठेवलं.

"न्हाई लिहीत."

दुसऱ्या दिवसापासून मला कामावर येऊ दिलं नाही. कुठं दाद मागावी कळलं नाही, मागितली तिथं ऐकलं नाही. त्याच महिन्यात लॅबमध्ये रबरी फुगा आला म्हणे. माझ्या जागी आलेला माणूस आमच्याच वस्तीतला. फुगा आला तरी त्यालाही फडकं दिलंय.

मी त्याच्या घरी गेलतो. म्हणलं, "फडकं फेक." त्याचेही हात पोटाशी. मी पुन्हा जाणार. तो फेकेपर्यंत जाणार.

आणि तो कोरा कागद मी घेऊन आलो होतो. अजून कोराच आहे. ती ओळ त्याच्यावर माझ्या हातानं पडणार नाही. माझ्या पोरांच्याही नाही.