घर नंबर चौदा, ओळ सातवी

चंद्रपुरात पठाणपुरा दरवाजाच्या आत मुजफ्फर पिंजारी यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. कापूस त्यांच्या भुवयांवरही बसलेला असे. त्यांची थोरली मुलगी सायमा बारावी झाली, टायपिंगची परीक्षा पास झाली, रोजगार कार्यालयाच्या कार्डाचंही तिने वेळच्या वेळी नूतनीकरण करून घेतलं. एवढं करून नोकरी काही मिळाली नाही. तीन वर्षं अर्ज करणं हीच तिची नोकरी होती. साक्षांकित प्रती, पासपोर्ट फोटो, पोस्टाची तिकिटं लावलेलं लखोटा-पाकीट, सगळं कसं जय्यत तयार. उत्तर तेवढं यायचं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की तो तिच्याकडे न बघताच पुढे जायचा, बिचाऱ्यालाच ओशाळं वाटायचं.

२००१ सालच्या जानेवारीत एटापल्लीहून तिच्या मामूचा फोन आला. फारूकमामूंचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान, शेजारी फोनचा पिवळा डबा. मामू म्हणाले, "जनगणना आली ना! इथी मास्तरच कमी आहेत. तहसीलवाले बारावी पासचे अर्ज घेऊन राह्यले. काम तात्पुरतं आहे, पण नीट केलं तर सरकारी प्रमाणपत्र देतात."

सरकारी प्रमाणपत्र! सायमाच्या फाईलमध्ये शाळेचे दाखले होते, पण "हिने काम केलं" असं सांगणारा एक चिठोरा नव्हता. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, अनुभव काय? पोरीला एवढ्या लांब पाठवायला अब्बा दोन दिवस तयार होईनात. शेवटी अम्मी, कनीजबी, म्हणाली, "मेरे भाई का घर है, चाँद पे नहीं जा रही." सायमा एस.टी.च्या लाल डब्यात बसली.

प्रशिक्षणाला तीन दिवस होते. तिच्यावर पर्यवेक्षक म्हणून बापूराव गुरुजी नेमलेले, शाळेचे मुख्याध्यापक, तिरसट आणि अक्षराचे भोक्ते. ते फळ्यावर खडू आपटून सांगत, "कोणी दोनदा लिवू नका, कोणी सोडू नका. माणूस नऊ फेब्रुवारीपासून अठ्ठावीसपर्यंत सगळेच दिवस घराबाहेर असेल, तर घरी लिवायचा नाई. जिथी सापडन तिथी लिवा." सायमाने ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. आपण किती हुशार, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिला नदीपलीकडचं गाव मिळालं. घरं शेहेचाळीस, माडिया लोकांची, लांबलांब विखुरलेली. रोज एटापल्लीहून जाणं-येणं पायांना झेपण्यासारखं नव्हतं. गावातल्या इसरूभाऊंनी तिला आपल्याकडे ठेवून घेतलं. घरावर गेरूने नंबर घातलेला होता, चौदा. घरात इसरू, त्यांची बायको धुरपता, मुलगा, सून सोमारी आणि दोन नाती. सोमारी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, मराठी बोलायची. ती सायमाची दुभाषी झाली. सायमा विचारायची, सोमारी माडियात सांगायची, आणि उत्तर येईस्तोवर दोघी मिळून कोणाच्या तरी अंगणात बसून चिंचा खायच्या. वय विचारलं की म्हातारे बांबूला फुलं आली होती ते साल सांगायचे. धर्म विचारला की म्हणायचे, आमचा आमचा. सायमा विचारून घ्यायची, आणि सांगतील तेच लिहायची.

पाहुणी आली म्हणून धुरपताने तिसऱ्याच दिवशी कोंबडं रांधलं. आता आली का पंचाईत! सायमाच्या रीतीने कापलेलं नव्हतं, लाल मुंग्यांच्या चटणीकडे संशयाने पाहत तिने नुसता मीठ-भात खाल्ला. धुरपताचं तोंड उतरलं, तेव्हा सायमाने सोमारीला कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी इसरूंनी जिवंत कोंबडी आणि सुरी दोन्ही तिच्यापुढे धरली. "बाई, तूच काप. तुह्या रीतीनं." सायमाने जन्मात लिंबाशिवाय काही कापलं नव्हतं. तिने कोंबडी हातात घेतली, ती फडफडली, तशी हीही किंचाळली आणि दोघी दोन दिशांना पळाल्या. अख्खं घर हसलं. त्या दिवसापासून त्या कोंबडीला कोणी हात लावला नाही, ती सायमाची झाली. परक्या घरात आपल्यासाठी एवढा विचार होतो, हे त्या पोरीला आतपर्यंत भिडलं. अम्मीला लिहिलेल्या पत्रात तिने तेच सगळ्यात आधी लिहिलं.

चोवीस तारखेला सकाळी सोमारी दिसेना. सायमाने इसरूंना विचारलं. ते कुंपणाकडे बघत म्हणाले, "येईन, येईन." धुरपता काहीतरी माडियात बोलली आणि हसली. सायमाच्या मनाने लगेच घेतलं, आदल्या रात्री आपण सोमारीच्या हातची भाजी टाकली होती, ती रागावून माहेरी गेली असणार. विचारायचं कसं? ती गप्प राहिली. उरलेली अकरा घरं तिने इसरूंना सोबत घेऊन केली. त्यांची मराठी तोडकीमोडकी, पण काम झालं. इसरू घरधन्याला विचारत, "घरात कोण कोण?" घरधनी नावं घेई, सायमा लिही. सव्वीसला शेवटचं घर झालं. सोमारी आली नव्हती. सायमा तिला न भेटताच नदी उतरून एटापल्लीला आली.

अठ्ठावीस तारखेला बापूराव गुरुजींनी तिचे कागद तपासले. अक्षर बघून खूश झाले. मग गेल्या वर्षीची घरयादी काढली, बोटाने रकाने मोजले, आणि चष्मा कपाळावर नेला.

"मागच्या साली बाया एकशे बारा. तुह्याकडं एकशे सात. पुरुष एकही कमी नाई. पाच बाया कुठी गेल्या?"

"कुठे लग्न होऊन..."

"पाचही? आणि पाचही शेवटच्या अकरा घरांतल्या?" गुरुजींनी आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "पोरी, शेवटी कंटाळली तू. घरी बसून भरलं का हे?"

सायमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने एकही ओळ बसून भरलेली नव्हती. गुरुजी म्हणाले, "पाच मार्चपर्यंत फेरतपासणी आहे. जा, पाहून ये. मेळ बसला नाई तर मी शेरा मारीन, आणि मंग प्रमाणपत्राचं नाव काढू नको."

त्याच संध्याकाळी मामूंच्या डब्यावर अब्बांचा फोन. "बेटा, आमच्या गल्लीत गणनावाला आला होता. तुझं नाव लिहीना. म्हणे वीस दिवस घरात नाही, मग इथली नाही. मी त्याला चहा पाजला, तरी लिहीना! तू ठीक आहेस ना?" नियम होता तो, आणि सायमाला पाठ होता. पण पाच बायांनी डोकं असं धरलं होतं की तिने "हो अब्बा" म्हणून फोन ठेवला.

एक मार्चला ती पुन्हा नदी उतरली. मोहफुलं नुकती गळायला लागली होती, गावातल्या बाया टोपल्या घेऊन रानात होत्या. घरी धुरपता एकटी. सायमाने घरयादी दाखवली, पाच बोटं दाखवली, बायांची खूण केली, आणि शेवटी काही सुचेना म्हणून मटकन खाली बसून रडली. धुरपताने तिचं तोंड न्याहाळलं, मग तिचा हात धरला आणि तिला गावाच्या कडेला घेऊन निघाली.

तिथं झाडाखाली एक ठेंगणी झोपडी होती. सतरा-अठरा दिवस सायमा तिच्यावरून गेली होती. लाकडं ठेवायची जागा समजून तिने नंबरसुद्धा शोधला नव्हता. धुरपता लांबच थांबली. झोपडीच्या दारातून वाकून बाहेर आली ती सोमारी.

"अवं, तू गेली नाईस?" सोमारी म्हणाली. "तिथीच बस, जवळ येऊ नको. हे कुर्मा हाय. पाळी आली का बायांनं इथी राहाचं, पाच-सहा दिवस. तुले ठाऊक नाई?"

"मला वाटलं तू रागावलीस. भाजीवरून."

सोमारी हसता हसता खोकली. झोपडीत अजून एक बाई होती, तीही हसली. सायमा मातीत बसली आणि तिला एकदम सगळं लख्ख दिसलं. इसरू विचारत होते, घरात कोण कोण? घरधनी सांगत होते, घरात कोण कोण. जी घरात नव्हती, कुर्म्यात होती, तिचं नाव बाहेरच्या पोरीपुढे कोणी पुरुष काढणार होता थोडाच! सोमारी सोबत असती तर तिने विचारलं असतं. सोमारी स्वतःच इथं होती.

"माझ्यासोबत इथी कोण कोण होत्या, मी सांगतो ना," सोमारी म्हणाली आणि एकेक करून पाच नावं सांगितली, घरासकट. सायमाने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिली. झोपडीचं छप्पर एका बाजूने उघडं होतं, आत दोघींना पाय पसरायला जागा नव्हती. सायमाच्या घरी या दिवसांत नमाज माफ असते, घर सुटत नाही. तिला त्या झोपडीचा रागही आला, आणि त्याच झोपडीने तिची लाज राखली म्हणून तिचे आभारही मानावेसे वाटले. दोन्ही खरं होतं.

सायमा पेनाला टोपण लावत होती, तेव्हा सोमारीने विचारलं, "आन् तुले कोणं लिवलं?"

 एवढ्या पाच बाया शोधत आलेली ही शहाणी, स्वतः सहावी निघाली. चंद्रपूरने तिला लिहिलं नव्हतं. मामूंच्या घरी गणना झाली तेव्हा ती इथं होती. जिथी सापडन तिथी लिवा, आणि ती सापडली होती ती चौदा नंबरात.

दुपारी ती आधी त्या पाचही घरी जाऊन प्रत्येकीची माहिती पडताळून आली. मग इसरूंच्या ओसरीवर बसून चौदा नंबरचा कागद काढला. सहा ओळी भरलेल्या होत्या. सातवीत तिने लिहिलं, सायमा मुजफ्फर पिंजारी, स्त्री, वय बावीस. पुढचा रकाना होता कुटुंबप्रमुखाशी नातं. घरात राहणाऱ्या परक्या माणसासाठी नियमाचा शब्द ठरलेला होता. तिने तो लिहिला, असंबंधित. लिहिताना तिचं अक्षर पहिल्यांदा वाकडं आलं.

"वाच," इसरू म्हणाले. प्रत्येक घरी ती लिहिलेलं वाचून दाखवायची, ते त्यांना माहीत होतं. "आमच्या घरी कोण म्हणून लिवली?"

"मुलगी," सायमा म्हणाली.

इसरूंनी मान हलवली आणि धुरपताला माडियात सांगितलं. धुरपता आत जाऊन भात घेऊन आली.

गुरुजींनी पाच ओळी पाहिल्या, कुर्म्याची हकीकत ऐकली, आणि घरयादी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "इतके साल नोकरी करून राह्यलो इथी, मले सुचलं नाई हे." प्रमाणपत्रावर त्यांनी स्वतःच्या हाताने 'उत्कृष्ट' लिहिलं. तो एक कागद पुढे सायमाच्या फाईलमध्ये सगळ्यात वर राहिला. २००७ साली एटापल्लीत रोजगार हमीच्या कामावर कंत्राटी कारकून घेतले, तेव्हा अनुभव काय, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं. पण नोकरी कोणामुळे लागली असं विचारलं, की ती प्रमाणपत्राचं नाव नंतर घेते, सोमारीचं आधी.

तिचा निकाह मात्र त्याआधीच, २००३ मध्ये, चंद्रपुरात झाला; सासर एटापल्लीचंच. इसरू आणि धुरपता दोन बसगाड्या बदलून आले. चारोळीची पुडी आणली होती, आणि एक हिरवं लुगडं. बायांमध्ये कुजबुज झाली, हे कोण? अब्बा पुढे झाले. "जिस घर में मेरी बेटी लिखी गई, उस घर के हैं," ते म्हणाले, आणि इसरूंना स्वतःच्या शेजारी गादीवर बसवलं. गादी त्यांनी त्याच आठवड्यात नव्या कापसाने भरली होती.

सायमाला ते सहन होईना. विदाईच्या आधी तिने इसरूंना बाजूला घेतलं. "भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोलले. कागदावर मी मुलगी नव्हतं लिहिलं. नियम तसा नव्हता."

"मले मालूम हाय," इसरू म्हणाले.

"कसं?"

"सगळ्या घरी तू कागदाकडं पाहून वाचे. त्या दिवशी माह्या तोंडाकडं पाहून वाचलं." त्यांनी लुगडं तिच्या हातात दिलं. "आमच्याकडं पोरीले लग्नात हेच देतेत. घे."