जुन्या मिशनऱ्यांचं ट्रेनिंग, आमच्या शारजात

शारजातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना तासाभराची आणि नंतरचा चहा दोन तासांचा. किस्से साठणारच! बहुतेकांत गाढव मीच असतो, म्हणून सांगायचा हक्कही माझाच.

यंदा पाळकसाहेबांनी टूम काढली. जुन्या काळी मिशनरी परदेशी जाण्याआधी सुतारकाम, औषधपाणी, भाषा असं सगळं शिकायचे. आपणही सहा आठवडे शिकू, मग लेबर कॅम्पात एकट्या राहणाऱ्या आपल्या लोकांना धीर द्यायला जाऊ. समोरचा रडायला लागला की मला पळून जावंसं वाटतं. तरी पहिला हात मीच वर केला. बायको बघत होती ना!

*

सुतारकामात मी स्टूल केलं. ते डुगडुगायचं, म्हणून एकेक पाय कापत गेलो. शेवटी त्याचा पाट झाला.

बायको म्हणाली, "छान! आता यावर बसून कांदे चिरा."

*

औषधपाणी शिकवायला आमच्यातल्या नर्स मेरीताई. शुगर कशी तपासतात ते दाखवायला म्हणाल्या, "यल्ला, चला, बोट पुढे करा!"

सुई टोचल्याचं आठवतंय. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर, पाय खुर्चीवर, आणि सगळा वर्ग भोवती. प्रथमोपचाराचं प्रॅक्टिकल त्याच दिवशी उरकलं!

*

भाषेची मला काळजी नव्हती. मिशनरी बिचारे वर्षानुवर्षं मराठी घोकायचे, आपण तर पुण्याचे!

पाळकसाहेब म्हणाले, "एकही इंग्रजी शब्द न वापरता प्रार्थना करा."

मी डोळे मिटून सुरुवात केली, "हे देवा, या वीकेंडला…"

माझी लेक रूथ मागून म्हणाली, "बाबा, यू फेल्ड."

*

मग खरंच कॅम्पात गेलो. आमच्या मंडळीतला याकोब, नगरकडचा गवंडी. दोन दिवसांपूर्वी गावी त्याची आई गेली होती आणि त्याला जाता आलं नव्हतं. त्याला काय बोलायचं ते मी चार कार्डांवर लिहून नेलं होतं.

कॉटवर त्याच्या शेजारी बसलो. पहिलं कार्ड काढलं. "याकोब, आई म्हणजे…" एवढंच वाचलं. माझे वडील गेले तेव्हा मीही इथेच अडकलो होतो, मातीला पोचलो नव्हतो. मी हमसून हमसून रडायला लागलो.

याकोबनं पाणी दिलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, एकही इंग्रजी शब्द न वापरता. दारात जमलेली कॅम्पातली पोरं बघत होती.

त्यांच्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "नवे हायेत साहेब. शिकतील."