शेवट आधी सांगणाऱ्या बाई

बाभुळगावच्या वाचनालयातल्या बाईंचा मला भारी राग यायचा. दर शनिवारी मी सातवीची पोरं तिथं न्यायचो. कोणती कादंबरी वाचायची ते बाईच सुचवायच्या, आणि सुचवायच्याही झकास. पण पुस्तक हातात देण्याआधी त्याचा शेवट सांगून मोकळ्या व्हायच्या. "याच्यात हरवलेला बैल सापडते बरं शेवटी." मग चष्मा कपाळावर सरकवून, "नेतं का?"

अशानं कोण वाचेल? तरी पोरं न्यायची.

कापसानं दगा दिला त्या वर्षांतली गोष्ट. माझ्या वर्गातली एक मुलगी बऱ्याच दिवसांनी शाळेत आली. तिच्या वडिलांनी फवारणीचं औषध घेतलं होतं. त्या शनिवारी बाईंनी तिच्यासाठी एक कादंबरी काढली आणि सरळ तिच्याकडे बघत म्हणाल्या, "याच्यात बाप मरते. मधातच मरते. पोरगी मात्र शिकते. नेतं का?"

पोरीनं मान हलवली, पुस्तक घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

"अहो बाई, काही वाटतं का? तिला हे कशाला सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, तिच्या बापानं सांगतलं होतं का तिले आधी? शाळेतून घरी गेली, त अंगणात माणसंच माणसं. पुढचं पान उलटायले भेतात आता ही लेकरं. काय होणार हे माहीत असलं, की उलटतात."