पैऱ्याचा विंगर

बबनच्या सलूनात रोज दोन ढीग साठतात. एक केसांचा, दुसरा गप्पांचा. केसांचा ढीग बबन संध्याकाळी सुपलीत भरून लांब टाकून येतो. गप्पांचा कुठं टाकणार? तो माझ्या डोक्यात येऊन पडतो. डोक्यावर काही उगवत नाही म्हणून आत जागाच जागा!

वरवंडला हायवेच्या कडेला हे सलून. आमची कंपनी छोटी. एक बबन, हातात वस्तरा आणि तोंडात अख्ख्या दौंड तालुक्याच्या भानगडी. दुसरा खुटबावचा नारायण आप्पा, ऊसवाला गडी, बोलायला कंजूष. तिसरा दौंडचा दगडूसाहेब, रेल्वेतून रिटायर. रेल्वेत तो साहेब नव्हता, ती पदवी माझी. तरुणपणी दौंडच्या रेल्वे ग्राउंडवर आपण फुटबॉल गाजवला असं तो सांगतो. "गोल किती मारले?" असं विचारलं की त्याला खोकला येतो. चौथा मी. सगळे मला मामा म्हणतात आणि माझ्यापासून चार हात लांब बसतात, कारण मी कुणाच्या चपला कुठं लपवीन याचा नेम नाही.

आणि पाचवा मेंबर ब्राझीलचा! त्यानं वरवंड बघितलेलं नाही, आणि त्याच्या पायाची दशा बघता आता बघेल असंही वाटत नाही.

*

सुरुवात अशी झाली. आप्पाचा पोरगा संजू पोर्तुगालला गेला. आधी तिकडच्या पॉलीहाउसमध्ये फळं तोडली, मग एका बारक्या गावातल्या फुटबॉल क्लबात लागला. ग्राउंडचं गवत कापायचं, पांढऱ्या रेघा मारायच्या, आणि मॅचच्या दिवशी कोण पडलं तर स्ट्रेचर घेऊन पळायचं. आईला दर रविवारी फोन करतो. बापाशी बोलत नाही. का, ते येईलच पुढं.

आप्पानं एक दिवस बबनला हळूच विचारलं, "तो पोर्तुगालचा सामना लागंल का रं तुझ्या टीव्हीत?"

क्लबवाले यूट्यूबवर फुकट दाखवतात, ते बबननं शोधून काढलं. तिकडं रविवारची सकाळ, इकडं चहाची वेळ. तासभर बघितलं, संजूचा पत्ता नाही. नुसती बावीस माणसं एका चेंडूमागं! आप्पाच्या एका गालाला फेस तसाच वाळला.

तेवढ्यात कडेनं पळणारा एक काटकुळा गडी धाडकन आडवा झाला. शिट्टी वाजली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन पळत आले, आणि त्यातला पुढचा संजू!

आप्पा खुर्चीतून उठलाच. फेसासकट टीव्हीला नाक लावून म्हणाला, "वाळलाय." मग जरा थांबून, "न्हाई. जाड झालाय." मग परत, "वाळलाय."

गड्याला बाहेर ठेवला, संजू निघून गेला. आप्पा मागं फिरला आणि विचारलं, "ह्यो पडणारा कोण?"

त्या पडणाऱ्याचं नाव जेनिल्सन. आम्ही त्याच दिवशी त्याला जनू करून टाकला. आणि आप्पानं जाहीर केलं, "पुढच्या आयतवारी बी ह्योच पडला पायजे!"

*

आता आमचं शहाणपण ऐका.

बबनचा टीव्ही खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर. दाढी करताना गिऱ्हाइकानं मान न वळवता आरशात बघावं, ही बबनची आयडिया. तसं आम्हीही सगळे सामने आरशातच बघायचो. जनू उजव्या अंगानं पळतो यावर आमचं एकमत. दगडूसाहेब तर छातीवर हात मारून म्हणायचा, "उजवा विंगर आहे. मी सोता उजवाच होतो. चाल बघूनच वळखलं!"

बरेच रविवार गेले. एकदा कासुर्डीचा एक मास्तर कटिंगला आला. त्यानं मागं वळून टीव्हीकडं बघितलं, मग आरशात बघितलं, आणि म्हणाला, "अहो, तो डावीकडून खेळतोय."

मी विचारलं, "साहेब, आता? तुमची चाल?"

दगडूला असा खोकला आला की बबननं पाणी आणून दिलं.

आप्पा मात्र भलत्याच काळजीत. म्हणाला, "म्हंजी इतके दिस मी पोराच्या उलट्या गालाकडं बघत होतो?"

त्या दिवसापासून आप्पा आरशाकडं पाठ करून बसतो. बबननं दाढी मागून कशी करायची ते आता तोच जाणे!

*

पण हा जनू इतका चांगला पळतो, तर अशा आडगावच्या क्लबात काय करतोय? दगडूनं मोबाईलवर सगळी चौकशी केली. जनू कोवळ्या वयात ब्राझीलवरून आला. लिस्बनच्या एका बड्या क्लबानं त्याला घेतला. पण त्यांच्याकडं असे पळणारे ढिगानं. मग ह्याला दिला लोनवर. एक वर्ष समुद्रातल्या कुठल्या बेटावर, एक वर्ष उत्तरेला थंडीत, आणि आता इथं.

"लोनवर म्हंजी?" बबननं विचारलं. "व्याज कोण भरतं?"

दगडू फोड करून सांगायला लागला, तर आप्पाच मधे बोलला. "पैऱ्याला दिलाय."

आमच्या गाडा शर्यतीत आपला एक बैल दुसऱ्याच्या गाड्याला जोडायला देतात, त्याला पैरा म्हणतात. पळायचं दुसऱ्यासाठी. संध्याकाळी मालकानं परत आपल्या दावणीला आणायचा.

आप्पा पुढं म्हणाला, "पैऱ्याच्या बैलाला कोण जपत न्हाई. ज्याला जिंकायचंय तो पळवतो, ज्याचा हाय तो लांब उभा राहतो."

एवढं लांब वाक्य आप्पाच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांना भुंग्या आठवला.

भुंग्या हा संजूचा बैल. वासरू असल्यापासून त्यानं वाढवलेला. संजू नको नको म्हणत असताना आप्पानं त्याला शिरूरकडच्या एका गाड्याला पैऱ्याला दिला. शर्यतीचा घाट मोठ्या मानाचा होता, आप्पाला बैलाचा मालक म्हणून फेटा बांधून घ्यायचा होता. भर घाटात भुंग्या कोसळला, पाय मोडला. संजू धुळीत बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होता, "ऊठ रं भुंग्या! ऊठ!" आप्पा लांब उभा होता. फेटा बांधलेला. जवळही आला नाही, एक शब्दही बोलला नाही.

भुंग्या उठला नाही. संजूनं त्यानंतर पासपोर्ट काढला.

*

एकदा माझ्या अंगात आलं. मी बबनच्या सलूनामागं जाऊन, बबनच्या मेव्हण्याच्या फोनवरून आप्पाला फोन लावला. नाक दाबून, लांबून आवाज येतोय असा सूर काढला. "आप्पा, मी संजू बोलतोय. पोर्तुगालवरनं."

आतून हसण्याचे आवाज येतील म्हणून मी कान लावून बसलो. काही नाही. मग आप्पाचा आवाज आला, सावकाश.

"मामा, आत ये, चहा गार होतोय. संजू आप्पा म्हणत न्हाई मला. काहीच म्हणत न्हाई."

आयुष्यात इतक्या लोकांच्या टोप्या उडवल्या, पण इतका गार चहा कधी पिला नाही.

*

आप्पानं भैरवनाथाला नारळ बोलला होता. दर रविवारी जनू पडला की सोमवारी एक नारळ. आणि देव बघा कसा जागृत! जनू असा काही पडायचा की विचारू नका. कुणी ढकललं तरी पडायचा, न ढकलता पडायचा. एकदा तर रेफरीनं त्यालाच पिवळं कार्ड दाखवलं, नाटक करतोय म्हणून.

आप्पा रेफरीवर खवळला. "अरं पडलाय तर पडू दे की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

गुरवाला नारळ फोडून फोडून वीट आला. तो मला म्हणाला, "मामा, आप्पांचं असं काय चांगलं चाललंय वो?"

मी म्हणालो, "ब्राझीलचा एक माणूस लंगडा होतोय."

*

मग एक झटका बसला. जनूनं त्या मोसमात बरे गोल केले, तर लिस्बनच्या बड्या क्लबानं त्याला परत बोलावलं! बबननं पेढे वाटले. दगडूसाहेब म्हणाला, "आता बघा, मोठ्या ग्राउंडवर पळंल!"

आम्ही त्या मोठ्या क्लबाचे सामने बघायला लागलो. जनू बाकावर. पुढच्या रविवारी बाकावर. त्याच्या पुढच्याला बाकावर, पण अंगावर ब्लँकेट. कॅमेरा मधेच त्याच्यावर यायचा, तर गडी नुसता ग्राउंडकडं बघत बसलेला. गोठ्यात बांधलेलं जनावर बाहेरच्या पाण्याचा आवाज ऐकतं ना, तसा.

इकडं संजूच्या क्लबात कुणी पडेना. आप्पाचा चेहरा उतरला. तो म्हणायचा, "पडायला बी कसब लागतं. ह्या बाकीच्यांना न्हाई ते."

सहा महिन्यांनी मालकानं जनूला परत धाडला. पुन्हा लोनवर, पुन्हा त्याच बारक्या गावात. दगडू हळहळला. "संपलं करिअर. आता त्याला कोण न्हाई घेत."

आप्पानं त्याच दिवशी नारळाची ऑर्डर दिली. मी त्याला म्हणालो, "आप्पा, एका माणसाचं वाटोळं झालं आन् तू नारळ आणतोस?"

"दोघांचं झालंय," आप्पा म्हणाला. "एकाच्या पडण्यात दुसऱ्याचं तोंड दिसतंय, तेवढं बघू दे."

*

वहिनी, म्हणजे आप्पाची बायको, संजूशी फोन स्पीकरवर ठेवून बोलते. मी एका रविवारी खुटबावला त्यांच्या ओट्यावर होतो. आप्पा नेहमीसारखा भिंतीच्या पलीकडं, गवत उपटल्याचं सोंग करत. तिथं गवत कुठलं, सगळी फरशी!

वहिनी बोलता बोलता बोलून गेली, "बाबा, तुझं तोंड दिसावं म्हणून तुझा बाप देवाला नारळ फोडतोय. तो जनू पडावा म्हणून."

वहिनीनं जीभ चावली.

मग संजू म्हणाला, "आई, त्यांना सांग. पडल्यावर त्याला लागतं."

आणि ठेवून दिला.

भिंतीपलीकडं आप्पा फरशीवरचं गवत उपटत होता.

त्या सोमवारी नारळ फुटला नाही. पुढच्याही नाही. सलूनात मात्र आप्पा येत राहिला, आरशाकडं पाठ करून.

*

आता शेवटचं.

मोसमाचा शेवटचा सामना. जनूचा करार संपलेला, लिस्बनवाल्यांनी मोकळा सोडला, आणि ह्या क्लबालाही तो नकोच होता. गुडघ्याला मोठी पट्टी. निरोपाचा म्हणून शेवटची काही मिनिटं त्याला आत सोडला. डाव्या अंगानं. केस विरळ झालेले, पळणं म्हणजे भरभर चालणं.

आप्पा खुर्चीत, अर्धी दाढी झालेली. बबन वस्तरा धरून थांबलेला. दगडूला खोकला नाही.

जनूकडं एक चेंडू आला. आणि काय झालं कुणास ठाऊक, गडी पहिल्यासारखा सुटला! एकाला मागं टाकला, दुसऱ्याला टाकला. आम्ही उभे राहिलो. तिसऱ्यानं आडवा पाय घातला.

जनू पडला. ह्या वेळी नाटक नव्हतं. गुडघा धरून तो गवतात तोंड खुपसून राहिला. रेफरीनं हात वर केला.

कॅमेरा कडेला वळला. संजूनं स्ट्रेचर उचललं. आधी बूट दिसले, मग हात, मग तोंड आता कॅमेऱ्याकडं वळणार, एवढ्यात आप्पा टीव्हीसमोर जाऊन ओरडला. त्या माणसाचा एवढा आवाज आम्ही जन्मात ऐकला नव्हता. हायवेवरचा एक ट्रकवाला बघायला थांबला.

"ऊठ रं भुंग्या! ऊठ!"

जनूनं एक हात टेकला. मग गुडघा. मग उभा राहिला. रेफरीनं स्ट्रेचरवाल्यांना मागं जायची खूण केली. कॅमेरा जनूबरोबर गेला. संजूची पाठ तेवढी दिसली, तीही अर्धी.

बबन कळवळून म्हणाला, "आप्पा, आता तोंड दिसणार होतं की वो!"

आप्पा खुर्चीत येऊन बसला. मान मागं टाकली.

"राह्यलेली दाढी कर," तो म्हणाला.