उलटा बादशहा

जव्हारच्या बाजारातला तो सोनार बोलायच्या आधी दर वेळी "बरं" म्हणायचा, आणि ते डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखं ऐकू यायचं. खेड्यांतल्या बायका माळेत ओवायला चांदीचे रुपये आणत. तो डाग देऊन त्यांना कडी जोडायचा, पण रुपयावरच्या बादशहाच्या मानेखाली. त्यामुळे बादशहा बायकांच्या छातीवर उलटा लोंबायचा, मुकुट खाली.

गोरा साहेब दौऱ्यावर येणार म्हणून संस्थानच्या दरबाराने मला त्याच्याकडे पाठवलं. मी पडलो कारकून. सांगितलं तेच बोललो. "हा बादशहाचा अपमान आहे. सगळ्या कड्या मुकुटावर घ्या, नाहीतर दुकानाला कुलूप लागेल."

"बरं. घालणारी मान खाली घालून बघते, भाऊसाहेब. तिला सरळ दिसतो."

तरी तो फुंकणी घेऊन बसला. बायकांच्या माळा परत मागवून आठवडाभर खोकत खोकत त्याने एकेक कडी उखडून वर लावली. दाभोशाच्या एका म्हातारीने आपली माळ गळ्यात घातली, खाली पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "माला उलटा दिसतो रं."

मी समोर उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बरं. साहेब गेला की ये, आजी."