न लिहिलेला अर्ज

माझं अक्षर चांगलं होतं, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. वडील सांगलीत शाळामास्तर होते. सकाळी पुस्तीचं एक पान गिरवल्याशिवाय चहा मिळायचा नाही. त्या अक्षराच्या जोरावर साठ सालानंतर लगेचच मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून असतील.

त्याच आठवड्यात आणखी एकजण रुजू झाला. वडूजकडचा, माझ्याच वयाचा, मॅट्रिकला माझ्याहून जास्त मार्क पडलेला. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला होता. आम्ही दोघंही तात्पुरते. वर्षाअखेर आमच्याबद्दलचा गोपनीय शेरा जिल्ह्याला जायचा आणि त्यावर कायम व्हायचं की घरी जायचं ते ठरायचं. त्याच्या घरात सरकारी नोकरी लागलेला तो पहिलाच. बहीण सातवीत होती, तिला पुढं शिकवायची होती. "एकदा कायम होऊ दे गड्या, मग तिला साताऱ्याला बोर्डिंगात ठिवतो," हे तो दिवसातून एकदा तरी बोलायचाच.

मामलेदार सदा फिरतीवर, त्यामुळे कचेरी चालायची ती अव्वल कारकुनाच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या मर्जीवर. भाऊसाहेब कधी आवाज चढवत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी त्याचं स्वागत केलं, "या, सरकारचे जावई आले!" सगळे हसले. मीही हसलो. मग तेच त्याचं नाव पडलं.

शिपाई त्याला पाणी वरून ओंजळीत ओतायचा. चार दिवसांनी तो घरून तांब्या आणू लागला. भाऊसाहेबांनी तो तांब्या दप्तरखान्यात ठेवायला लावला आणि महिन्याभरात त्याचं टेबलही तांब्यामागोमाग तिकडं गेलं. तिथं धुळीत बसून तो काम करायचा आणि काम चोख करायचा. भाऊसाहेब त्याला पाण्यात बघत होते ते बहुतेक त्यासाठीच.

त्यांची एक रीत होती. टपालात आलेला कागद आठ-दहा दिवस आपल्या खणात ठेवायचा, मग त्याच्याकडं पाठवायचा, आणि मामलेदार आले की त्याला समोर उभं करून विचारायचं, "हा कागद कचेरीत येऊन बारा दिवस झाले. काय करत होतात?" दोन-तीनदा असं झाल्यावर तो शहाणा झाला. कागद हातात पडला त्या दिवसाची तारीख तो कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवू लागला. शाईनं लिहायची त्याची छाती नव्हती. भाऊसाहेबांच्या ते ध्यानात आलं. एका दुपारी त्यांनी ते सगळे कागद मागवले, खोडरबर घेतला आणि एकेक तारीख सावकाश खोडली. प्रत्येक वेळी फुंकर मारून कचरा उडवला. तो टेबलापाशी उभा होता. आम्ही सगळे खाली मान घालून लिहीत होतो.

रविवारी तो माझ्या खोलीवर यायचा. आम्ही पिठलं-भाकरी करायचो आणि एकाच ताटात जेवायचो. तेवढ्यावर मी स्वतःला फार मोठा समजत होतो.

मार्चमध्ये भाऊसाहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लोटलं. समोर कच्चा मसुदा होता. "कामात दिरंगाई. वरिष्ठांशी वर्तन उद्धट. कायम करण्यास अयोग्य." खरं तर गोपनीय शेरा कारकुनाच्या नजरेसही पडता कामा नये. पण भाऊसाहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि आपल्या कचेरीच्या कागदाचं कलेक्टरांकडं कौतुक व्हावं ही त्यांना भारी हौस. म्हणाले, "सुरेख लिहून काढ. बाहेर बोललास तर पुढचा कागद तुझा." मी लिहिला. मन लावून लिहिला, हे सांगायला आज लाज वाटते. मामलेदारांनी न वाचता सही केली, पाकिटाला लाखेचं सील लागलं आणि मी जागेवर येऊन बसलो. पुढचे दोन रविवार मी सांगलीला गेलो, त्याला तोंड दाखवायला नको म्हणून.

मे महिन्यात मी कायम झालो आणि त्याला कमी केल्याचा हुकूम आला.

त्या रविवारी सकाळी तो फूलस्केपचे चार कागद घेऊन माझ्या खोलीवर आला. कलेक्टरांकडं दाद मागायला महिन्याची मुदत होती. खणात पडून राहिलेले कागद, खोडलेल्या तारखा, सगळं त्यानं मुद्देसूद टिपून आणलं होतं. "तू लिव. तुझं अक्षर बघून सायेब निदान वाचंल तरी." तालुक्यातल्या कुणालाही मी अर्ज लिहून द्यायचो. विहिरीचा, बदलीचा, पोराच्या दाखल्याचा. त्याला हे पुरतं ठाऊक होतं.

मला मात्र दुसरंच दिसत होतं. हा अर्ज कलेक्टर कचेरीत त्या शेऱ्याच्या शेजारीच ठेवला जाणार. दोन्ही कागदांवर एकच अक्षर. मी म्हणालो, "मला जमणार नाही."

"का रं?"

"भाऊसाहेब अक्षर ओळखतील."

"वळखू दे की. तू काय चोरी केलीयास व्हय?"

मी स्टोव्ह पेटवायला वळलो. तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं कागद गोळा केले आणि अगदी हळू म्हणाला, "आलं ध्येनात. आमच्या अर्जाला तुझा हात लागायचा न्हाई."

मी त्याला थांबवलं नाही. तसंच समजू दे, असं वाटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्यानं अर्ज स्वतःच लिहिला. दोन ओळींच्या उत्तरानं तो फेटाळला गेला.

सहा-सात वर्षांनी मी दुसऱ्या तालुक्यात अव्वल कारकून झालो. मार्च आला, आणि हाताखालच्या एका पोरसवदा कारकुनाचा शेरा लिहायला बसलो तर हात चालेना. तो सांगलीला असतो असं कानावर आलं होतं. त्या शनिवारी मी तिकडं गेलो आणि त्याला शोधून काढलं. हळदीच्या पेठेत एका अडत्याकडं तो पोत्यांवर कुंचल्यानं नंबर घालत होता. बहिणीचं काय झालं, मी विचारलं. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन दोन पोरं झाली, म्हणाला. मग मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे जातीचं न्हवतं?"

"नव्हतं."

त्यानं कुंचला डब्यात ठेवला. वर्षभर कचेरीत काढलेला माणूस, त्याला फोड करून सांगायची गरज नव्हती. "दोनी कागद एका अक्षरात गेलं असतं, तर कलेक्टरनं इचारलं असतं, गुपित शेरा कारकुनानं लिवलाच कसा. भाऊसायेबच गोत्यात आला असता. माजा अर्ज मंग नीट वाचला असता."

"हो."

"आन् तुला हे तवाच कळलं हुतं."

"हो. माझीही नोकरी गेली असती."

त्यानं नंबर घातलेलं पोतं बाजूला सारलं. मग म्हणाला, "जातीपायी न्हाई म्हनलास, आसं समजून मी गप बसलो. त्याची आमाला सवय हाय. आता हे घिऊन मी काय करू, सांग."

त्याला पुढचं पोतं ओढायचं होतं आणि मी वाटेत उभा होतो. मी बाजूला झालो.